‘साम्य’, ‘प्रभाव’ की ‘अनुबंध’?

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ ही कादंबरी आणि गिरीश कर्नाडांचे त्याच नावाचे नाटक यांच्या परस्परसंबंधावर निबंध लिहिताना ‘साम्य’, ‘प्रभाव’ आणि ‘अनुबंध’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरले तर चालतील का, असे एका विद्यार्थिनीने विचारले आहे.

माझ्या मते चालणार नाहीत, कारण शब्द बदलला की निबंध लिहिणाऱ्याची जबाबदारीही बदलते. साम्य दोहोंत असते. प्रभाव मात्र एकाचा दुसऱ्यावर पडतो, म्हणजे त्याला दिशा असते. साम्य दाखवायला दोन्ही संहिता समोर असल्या की पुरे. प्रभाव म्हटला की आधीची कृती नंतरच्या लेखकापर्यंत पोहोचली होती आणि त्याच्या लेखनात उतरली, हे पुराव्यानिशी दाखवावे लागते. कादंबरी १९५९ची आणि मूळ कन्नड नाटक १९६१चे, एवढ्या सनावळीवरून तसे म्हणता येणार नाही. दोन्ही कृतींचे मूळ महाभारताच्या आदिपर्वात आहे, आणि अशा आधारग्रंथासाठी आपल्याकडे ‘उपजीव्य’ हा नेमका शब्द असूनही विद्यार्थ्यांच्या लेखनात तो क्वचितच आढळतो, याचे मला वाईट वाटते. ‘अनुबंध’ सर्वांत व्यापक, म्हणून शीर्षकात शोभतो. परिच्छेदात तो आला, तर कसला अनुबंध हे लगेच सांगायला हवे.

मांडणीही यातूनच ठरते. आधी कादंबरी आणि मग नाटक अशी वाटणी केली, तर दोन स्वतंत्र परीक्षणे तयार होतात आणि मूळ विषय शेवटच्या परिच्छेदापर्यंत खोळंबतो. त्यापेक्षा एखादा प्रसंग धरून सर्व संहितांतून जावे. पुरू आपले तारुण्य देऊन पित्याचे, म्हणजे ययातीचे, वार्धक्य स्वीकारतो, तो प्रसंग घ्या. आदिपर्वात ही पितृभक्ती ठरते आणि धाकटा असूनही पुरूला राज्य मिळते. कर्नाड त्याच होकाराशेजारी महाभारतात नसलेली चित्रलेखा, म्हणजे पुरूची नवविवाहित पत्नी, उभी करतात, आणि त्या त्यागापायी ती आपला जीव देते. खांडेकर ययाति, देवयानी व शर्मिष्ठा यांना आपापली कहाणी स्वतःच्या तोंडून सांगू देतात, त्यामुळे पित्याची लालसा वाचकाला आतून दिसते. म्हणून ‘पुरूचा होकार तोच राहतो, त्याच्याकडे कोणाच्या नजरेने पाहायचे, हे प्रत्येक लेखक नव्याने ठरवतो’ असे परिच्छेदाचे पहिले वाक्य लिहावे. ‘दोन्ही कृतींत पुरू हे पात्र आहे’ हे विधान खरे असले, तरी त्यातून पुढचे वाक्य निघत नाही.