कपाट आवरायचंय, पण सासूबाईंच्या साड्यांचं काय करू?

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीत राहते, वय ५४. वन बीएचके, दोन कपाटं, शिवाय दिवाणातसुद्धा साड्याच. मागच्या रविवारी मोजल्या तर ८३ निघाल्या, निम्म्या तर आहेराच्या, काहींना अजून फॉल-पिको पण केलेलं नाही. मुलगी म्हणते आई मिनिमलिझम कर, वर्षभरात नेसली नाहीस ती सरळ काढून टाक. पण त्यात सासूबाईंच्या दोन पैठण्या आणि तीन इरकली आहेत, त्या जाऊन सहा वर्षं झाली, मी एकदाही नेसले नाही तरी द्यायचं म्हटलं की पोटात तुटतं. कुठून सुरुवात करू?

उत्तर : सासूबाईंच्या साड्यांपासून मात्र करू नका. सगळ्यात जड गोष्टीला आधी हात घातला की माणूस तिथेच बसून राहतं, दुपार निघून जाते आणि संध्याकाळी सगळं परत जसंच्या तसं कपाटात. आधी रोजचे कपडे काढा, गाऊन, कुर्ते, लेगिंग्ज, परकर, जोडी हरवलेल्या ओढण्या. मुलीचा वर्षाचा नियम इथे अगदी बरोबर आहे, इलॅस्टिक गेलेली लेगिंग वर्षभर पडून असेल तर पुढच्या वर्षी पण पडूनच राहणार.

साड्यांना मात्र तो नियम लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पैठणी काय दर महिन्याला नेसायची गोष्ट आहे का, घरात लग्न-मुंज निघाली की बाहेर येते, मधे तीन वर्षं गेली म्हणून ती अडगळ होत नाही. साडी हातात घेऊन एवढंच विचारा, उद्या कार्य निघालं तर मी ही नेसेन का? हो असेल तर तिचा ब्लाउज त्याच दिवशी घालून बघा, घट्ट झाला असेल तर टेलरकडे न्या, आत शिवणीत जादा कापडाची माया सोडलेली असते ती उसवून बऱ्याचदा काम होतं. किती साड्या तर निव्वळ ब्लाउज होत नाही म्हणून पडून असतात!

आहेराच्या साड्यांचं दुखणं वेगळंच आहे. एकीकडून आलेली दुसरीकडे ओटीत, तिथून तिसरीकडे, कुणीच नेसत नाही आणि प्रत्येकीचं कपाट भरतं. ज्या आवडत नाहीत त्या कामाच्या मावशींना, शेजारणीला, ओळखीतल्या बायकांना समोर पसरून दाखवा, ज्यांना ज्या आवडतील त्यांनी त्या निवडाव्यात, आपण ठरवून हातात कोंबू नये. आणि पुढच्या कार्याच्या पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ छापाच, नाहीतर नळ चालू ठेवून मोरी उपसण्यासारखं होईल.

आता सासूबाईंच्या साड्या. माझी आई गेल्यावर मी तिची ट्रंक उघडली, तळाशी जांभळी रेशमी साडी होती, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली, आई म्हणायची चांगल्या दिवसाला ठेवलीय. उलगडायला गेले तर घडीवर विरलेली, बोटांखाली सर्रकन फाटत गेली, चारही घड्यांवर तसंच. त्या दिवशी मी फार रडले, आई ती दोनदा जरी नेसली असती तरी मला चाललं असतं. म्हणून सांगते, ज्या ठेवाल त्या नेसा. बाकीच्या नणंदेला, जावेला, नातीला वाटा, त्यांचाही त्या माणसावर हक्क आहे, आणि देताना सासूबाईंनी ती कधी नेसली होती तेवढं सांगून द्या.

ठेवलेल्या साड्या मलमलच्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, दमट हवेत आत ओल धरते. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, ती काळी पडते. तीन-चार महिन्यांनी घडी बदला, तीच घडी वर्षानुवर्षं राहिली की तिथेच कापड तुटतं, आणि पावसाळा संपला की दसऱ्याच्या सुमारास सावलीत वारा द्या. पाच साड्यांना हे सगळं जमतं हो, ८३ ना कसं जमणार?

प्रश्न : ताई, बोहारणीला कपडे दिले तर त्याचं पुढे काय होतं? आणि फाटक्या कपड्यांचं काय करायचं?

उत्तर : बोहारीण ते फेकत नाही. निवडते, धुते, शिवते आणि जुन्या कपड्यांच्या बाजारात विकते, तिचं पोट त्यावर आहे, तेव्हा एका स्टीलच्या डब्यासाठी तिच्याशी अर्धा तास घासाघीस करू नका. संस्थेला द्यायचे असतील तर ‘गूंज’ १९९९ पासून जुने कपडे गरजूंपर्यंत पोहोचवायचं काम करते, जुन्या सुती कापडापासून ते पाळीच्या दिवसांसाठी पॅडही बनवतात. पण धुऊन, वाळवून द्या, मळके कपडे दान म्हणून देणं मला पटत नाही.

विरलेल्या सुती साड्या गोधडीला ठेवा, जितकी जुनी तितकी मऊ. नायलॉन, जॉर्जेट त्यात घालू नका, घाम शोषत नाही आणि थर सरकतात. टाके घालणारं कुणी घरात नसेल तर गोधड्या शिवून देणाऱ्या बायका अजून सापडतात, पाच-सहा साड्या एकदम नेऊन द्या आणि वरच्या थराला कुठली घ्यायची ते आधीच सांगा, तीच रोज डोळ्यासमोर राहणार असते.