संप की टाळेबंदी?

२०११मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा बास्केटबॉल हंगाम लांबला, त्याला खेळाडूंचा संप म्हणायचे की टाळेबंदी? आणि खेळाडूंची संघटना व संघमालक यांच्यातल्या ज्या करारावरून हे घडते त्याला 'सामूहिक सौदेबाजी करार' म्हणावे का? एका वाचकाचे हे दोन प्रश्न.

२०११ची ती टाळेबंदीच. काम कोणी थांबवले, एवढेच पाहायचे. जुना करार संपताच १ जुलैपासून संघमालकांनी खेळाडूंना दारे बंद केली. डिसेंबरात ती उघडली तेव्हा हंगाम ८२ऐवजी ६६ सामन्यांचा उरला होता. उलट १९९४मध्ये बेसबॉलपटू स्वतःच १२ ऑगस्टपासून मैदानात उतरेनासे झाले आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, रद्द झाली. तो संप. वेळही बघा: खेळाडूंचा पगार नियमित हंगामात होतो, मालकांची टीव्हीची मोठी कमाई मात्र शेवटच्या सामन्यांत. म्हणून खेळाडू हंगाम सरत आला की अडवतात आणि मालक तो सुरू होण्याआधीच. २००४-०५मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगच्या मालकांच्या टाळेबंदीने आइस हॉकीचा अख्खा हंगाम गिळला. सरसकट 'संप' लिहिले की दोष आपोआप खेळाडूंच्या माथी जातो. बातमीत हे चालू नये.

मैदानाला टाळे थोडेच लागते, असे कोणी म्हणेल. लागते, जवळजवळ. संघाची व्यायामशाळा बंद, प्रशिक्षकांशी बोलणे बंद. डिसेंबर २०२१मध्ये बेसबॉलची टाळेबंदी झाली तेव्हा लीगच्या संकेतस्थळावरून खेळाडूंची छायाचित्रेही उतरली, त्यांच्या जागी नुसत्या करड्या आकृत्या!

एक अडचण खरी आहे. २०२०पासून लॉकडाउनलाही आपण टाळेबंदी म्हणू लागलो आणि एनबीएचे सामने त्या वर्षीही थांबले होते. तेव्हा 'मालकांची टाळेबंदी' असे लिहिलेले बरे. क्रियापदेही सांभाळावीत: संप पुकारतात, टाळेबंदी जाहीर करतात, संप मिटतो, टाळेबंदी उठते. (आणि 'ताळेबंदी' लिहू नये. ताळेबंद हिशेबाचा असतो, जरी भांडण बहुतेक वेळा त्याच्यावरूनच असले तरी.)

आता 'सौदेबाजी'. '-बाजी' सगळीकडेच वाईट नसते, फटकेबाजी आपल्याला आवडतेच. पण सौदेबाजी म्हटले की मराठी कानाला पडद्याआडची देवघेव ऐकू येते. इथे तर खेळाडूंची संघटना उघडपणे सगळ्यांच्या वतीने बोलते. मी प्रक्रियेला 'सामूहिक वाटाघाटी' आणि कागदाला 'सामूहिक करार' म्हणेन. 'वेतनकरार' तोकडा पडतो: किमान पगाराबरोबरच उत्पन्नातला वाटा, संघ बदलण्याची मुभा, नवोदितांची निवड, शिस्तभंगाच्या कारवाईविरुद्ध दाद, सगळे त्यात येते. खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांनी बेसबॉलपटूंसाठी १९६८मध्ये केलेल्या पहिल्या कराराने किमान पगार वर्षाला ६,००० डॉलरवरून १०,०००वर नेला. पण तक्रार कशी नोंदवायची याची रीतही त्याच करारात ठरली होती.