बीपी वाढलाय, पण खरंच टेन्शनमुळेच का?

"मॅडम, टेन्शन कमी केलं की बीपी उतरेल ना?" मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. मागे एक गृहस्थ आले होते, वय ४४, बीपीच्या 3 गोळ्या चालू आणि तरी १६०/१०० च्या खाली येत नव्हता. घरचे, ऑफिसमधले सगळे एकच सांगायचे, तू फार विचार करतोस. त्यामुळे झालं काय, की बीपी वाढला की ते स्वतःलाच दोष द्यायचे आणि त्या अपराधीपणाने अजून घाबरायचे.

पहिल्या दिवशी मी बोलत होते आणि त्यांचे डोळे मिटत होते. मान खाली गेली की दचकून सावरायचे, सॉरी म्हणायचे. सकाळचे अकरा वाजले होते. मी विचारलं, रात्री झोप होते ना? म्हणाले, आठ तास पडलेला असतो, तरी उठल्यावर डोकं जड. तेवढ्यात बायको म्हणाली, "हे घोरतात खूप, आणि मधेच श्वासच थांबतो यांचा, मी हलवते मग." किती वर्षं? पाच-सहा. डॉक्टरांना सांगितलं? नाही, घोरणं काय सांगायचं.

हे ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण सांगण्यासारखं नेमकं तेच होतं. झोपेत असा मधेमधे श्वास थांबण्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. श्वास थांबला की ऑक्सिजन उतरतो, शरीर घाबरून जागं होतं, बीपी चढतो, आणि रात्रभर हे चालूच. मग दिवसाही तो खाली येत नाही.

मी डॉक्टर नाही, म्हणून त्यांना सगळं एका कागदावर लिहून फिजिशियनकडे घेऊन जा म्हटलं, गुडघ्यासाठी रोज घेत असलेली पेनकिलरसुद्धा, कारण अशा बऱ्याच गोळ्यांनी बीपी वाढतो आणि लोक ते औषधात धरतच नाहीत. बहुतेकांच्या बीपीमागे एकच असं कारण सापडत नाही हे खरं आहे, पण तीन-तीन गोळ्यांनी उतरत नसेल, कमी वयात सुरू झाला असेल किंवा रक्तात पोटॅशियम कमी येत असेल तर किडनी, थायरॉइड, किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी हे तपासून घ्यायलाच हवं. आणि हो, तोपर्यंत गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रीच्या झोपेच्या तपासणीत, अ‍ॅप्निया निघाला, रात्री श्वास थांबू न देणारं मास्कचं मशीन लावायला सांगितलं. डॉक्टरांनी पेनकिलरही बदलली. दोन-तीन महिन्यांनी घरचं रीडिंग १३५/८५ च्या आसपास यायला लागलं, गोळ्या अजून आहेत. टेन्शनवरही आम्ही काम केलं, ते होतंच की, पण आता ते स्वतःला दोष देत नव्हते.

बायको म्हणाली, "मशीन लावल्याच्या पहिल्या रात्री मीच दोनदा उठून बघितलं. एवढे शांत झोपले होते, मला भीतीच वाटली."