‘दोन मुलींचं लग्न झालं’: यात ‘लग्न’ चुकलं का?

प्रश्न एका मराठीच्या शिक्षिकेचा आहे. दहावीतल्या मुलीने तैवानवरच्या निबंधात लिहिलं, ‘तिथे दोन मुलींचं लग्न झालं.’ बाईंनी ‘लग्न’ लाल शाईने खोडून ‘त्या एकत्र राहू लागल्या’ असं केलं, कारण लग्न स्त्री-पुरुषांचं, असाच अर्थ रूढ आहे. मग त्यांच्याच मनात शंका आली. आपण भाषा सुधारली की अर्थ बदलला? आणि जोडीला दुसरी शंका : ‘समलिंगी’ लिहावं की ‘समलैंगिक’?

बाई, अर्थ बदलला. मुलीने जे लिहिलं होतं ती घडलेली गोष्ट होती, आणि योगायोगाने तिने अशा देशाचं उदाहरण घेतलं जिथे नेमक्या याच शब्दावरून मोठा वाद झाला होता.

तिथल्या घटना न्यायालयाने २४ मे २०१७ रोजी ७४८ क्रमांकाच्या निर्णयात सांगितलं की समलिंगी जोडप्यांना विवाहापासून दूर ठेवणं घटनेविरुद्ध आहे, दोन वर्षांत कायदा करा. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, जनमत झालं आणि बहुसंख्यांनी कौल दिला की दिवाणी संहितेतला विवाह स्त्री-पुरुषांपुरताच राहू द्या. सरकार दोन्हींच्या कात्रीत सापडलं. कायद्याच्या नावात ‘विवाह’ घातला तर जनमत डावललं म्हणणार, ‘सहजीवन’ वगैरे घातलं तर न्यायालय डावललं म्हणणार. शेवटी नावात दोन्ही घातलं नाही. कायद्याचं नाव ठेवलं : ‘७४८ क्रमांकाच्या निर्णयाच्या अंमलबजावणीचा कायदा’. पण आत, चौथ्या कलमात, अशा जोडप्याला ‘विवाहनोंदणी’ करता येईल असं स्पष्ट लिहिलं. २४ मे २०१९ पासून तिथे होते ती विवाहाचीच नोंद. तेव्हा विद्यार्थिनीचं वाक्य तिथल्या कायद्याच्या अक्षरालाही धरून आहे.

आता ‘पण शब्दाचा मूळ अर्थ?’ हा मुद्दा. मला व्युत्पत्तीचं वेड आहे, म्हणूनच सांगतो की इथे तिचा आधार कुणीच घेऊ नये. ‘लग्न’ हे संस्कृत ‘लग्’ धातूचं रूप, म्हणजे चिकटलेलं, जोडलेलं. ज्योतिषात पूर्व क्षितिजाला लागलेली रास ती लग्न, तिच्यावरून मुहूर्त, मुहूर्तावरून समारंभ. आपलं ‘लागणे’ही त्याच धातूचं, म्हणजे ‘लग्न लागलं’ म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो. यात स्त्री नाही, पुरुषही नाही. पण म्हणून कुणी ‘बघा, मुळातच सोय आहे’ म्हणू लागलं तर तेही मला पटणार नाही. कारण शेजारचाच ‘विवाह’ हा ‘वि’ अधिक ‘वह्’, वाहून नेणं, वधूला तिच्या घरातून नेणं. त्या मूळ अर्थाला धरून बसायचं तर घरजावयाचा विवाह विवाहच ठरणार नाही. शब्द वापराने जगतात, मुळाने नाही.

आणि वापराचा इतिहास आपल्याकडेच आहे. जुन्या मराठीत विधवेने पुन्हा संसार मांडला तर त्याला ‘लग्न’ म्हणत नसत. त्याला ‘पाट’ किंवा ‘मोहतूर’ म्हणत. ‘तिने पाट लावला’ असं बोलत. ज्या जातींत ही रीत होती तिथे तो संबंध मान्य होता, घर होतं, मुलंबाळं होती, पण ‘लग्न’ हा शब्द तिला एकदाच मिळायचा. उच्च म्हणवणाऱ्या जातींत तर पाटही नव्हता. १८५६ साली हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला, तरी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी विवाह केल्यावर मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. आज विधवेच्या लग्नाला आपण सरळ लग्न म्हणतो. ‘पाट लावला’ म्हणालो तर तिचा अपमान होईल. ‘एकत्र राहू लागल्या’ ही दुरुस्ती मला त्या ‘पाटा’सारखी वाटली, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

कायद्यातली जी जुनी व्याख्या नेहमी पुढे केली जाते तिचीही गोष्ट बघण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये १८६६ साली हाइड विरुद्ध हाइड खटल्यात लॉर्ड पेन्झान्स यांनी म्हटलं : विवाह म्हणजे एक पुरुष व एक स्त्री यांचं, इतर सर्वांना वगळून, स्वेच्छेने झालेलं आजन्म ऐक्य. वाद होता मॉर्मन पंथातल्या बहुपत्नीत्वाचा, समलिंगी जोडप्यांचा विषयच समोर नव्हता. आणि ‘आजन्म’ हा शब्द लिहिला गेला तो घटस्फोटाच्या न्यायालयात, घटस्फोट मागणाऱ्या नवऱ्याच्या खटल्यात! म्हणजे व्याख्या लिहिली त्याच दिवशी तिचा एक शब्द वस्तुस्थितीशी जुळत नव्हता. कॅनडाने २००५ मध्ये हीच व्याख्या घेतली, ‘इतर सर्वांना वगळून’ ठेवलं आणि स्त्री-पुरुषांच्या जागी ‘दोन व्यक्ती’ घातलं.

भारतात काय लिहावं? इथे काटेकोर राहायला हवं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचं चौथं कलम ‘कोणत्याही दोन व्यक्ती’ असंच सुरू होतं. पण त्याच कलमात खाली पुरुषाचं वय २१ आणि स्त्रीचं १८ येतं, आणि बाराव्या कलमातल्या शपथेत ‘कायदेशीर पत्नी (किंवा पती)’ येतात. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी सांगितलं की हे शब्द बदलणं संसदेचं काम आहे. विवाहाऐवजी सिव्हिल युनियनचा, म्हणजे ‘विवाह’ न म्हणता जोडप्याच्या नात्याला कायदेशीर मान्यता मिळण्याचा, हक्क द्यावा का, यावर मात्र तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली आणि तोही मिळाला नाही. म्हणून भारतातल्या जोडप्याबद्दल ‘त्यांचा कायदेशीर विवाह झाला’ हे आज चूक. ‘त्यांनी लग्न केलं’ हे चूक नाही. ‘देवळात लग्न केलं, नोंदणी नाही केली’ हे आपण एरवीही बोलतोच की.

दुसरी शंका थोडक्यात. ‘समलिंगी’ लिहा. मराठीत ‘लैंगिक’ म्हटलं की कामव्यवहार डोळ्यापुढे येतो. ‘समलैंगिक’ संबंधांना लागू पडेल, माणसांना आणि त्यांच्या लग्नाला ‘समलिंगी’च बरं. त्यातही ‘समलिंगी विवाह’पेक्षा ‘समलिंगी जोडप्यांचा विवाह’ मला अधिक नेमकं वाटतं, कारण विशेषण माणसांचं आहे, विवाहाचं नाही.

माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं टोरोंटोत एका तमिळ मुलीशी लग्न झालं. पुण्यातल्या स्वागत समारंभाची पत्रिका तपासायला माझ्याकडे आली, तेव्हा ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ इथेच मी अडलो. बराच वेळ पेन हातात धरून बसलो, आणि शेवटी दोन्ही नावांमागे ‘चि. सौ. कां.’ लावलं. समारंभात मावसबहीण प्रत्येकाला सांगत होती, ‘ही आमची सून.’ मुलीच्या लग्नाने घरात सून आली, आणि तिकडच्या घरीही सूनच गेली. कुणी थांबून अर्थ विचारला नाही.

तेव्हा बाई, वही परत मागवून घ्या. खोडलेल्या ‘लग्न’च्या खाली टिंबं द्या, मुद्रितशोधनात ‘आहे तसं ठेवा’ म्हणायला देतात तशी. आणि तिचे गुण कापले असतील तर तेही परत करा.