‘अल्मा’ : कुमारी की तरुणी?

प्रश्न असा आहे : बायबलच्या जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात (७:१४) मराठी बायबल ‘कुमारी गर्भवती होईल’ म्हणतं, काही इंग्रजी भाषांतरांत तिथे ‘तरुणी’ आहे. मग मूळ पोथीत कुणी फेरफार केला का?

पोथीत नाही. मूळ हिब्रू शब्द ‘अल्मा’. त्याचं पुल्लिंगी रूप ‘एलेम’. गल्याथावर चालून जाणाऱ्या दाविदाबद्दल शौल राजा ‘हा एलेम कुणाचा?’ असं विचारतो, तिथे अर्थ नुसता पोरगा. तसं अल्मा म्हणजे वयात आलेली पोरगी. कौमार्यावर बोट ठेवायचं तर हिब्रूत ‘बेथूला’ जास्त जवळचा.

सांधा बदलला तो ग्रीकमध्ये. येशूच्या आधीच ग्रीकभाषक यहुद्यांसाठी झालेल्या भाषांतरात इथे ‘पार्थेनोस’, म्हणजे कुमारी, हा शब्द आला, आणि येशूचं चरित्र ग्रीकमध्ये सांगणाऱ्या मत्तयाने तोच उचलला. म्हणजे ‘ख्रिस्ती लोकांनी घुसडलं’ हा आरोप टिकत नाही. शिवाय पार्थेनोसही सैलच : त्याच भाषांतरात उत्पत्तीच्या ३४व्या अध्यायात याकोबाची मुलगी दीना हिच्यावर अत्याचार झाल्यानंतरही तिला पार्थेनोसच म्हटलंय!

पुढे दुसऱ्या शतकात अक्विला आणि थिओडोशन यांनी नवी ग्रीक भाषांतरं करताना ‘नेआनिस’, म्हणजे तरुणी, हा शब्द घातला. एबियोनी (हिब्रू ‘एव्योन’, गरीब) हे येशूला मसीहा मानणारे, पण मोशेचं नियमशास्त्रही पाळणारे लोक. ते हाच अर्थ धरून येशूला योसेफाचा मुलगा मानत, असं दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती बिशप आयरेनियस सांगतो. अर्थात तो त्यांचा विरोधक, हे ध्यानात ठेवून वाचायचं.

१९४७ साली मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत यशयाची अख्खी गुंडाळी सापडली. तोवर हाताशी असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षं जुनी. तिच्यातही इथे ‘अल्मा’च.

आपल्याकडे उलटं झालंय. अहल्या, द्रौपदी, सीता, तारा, मंदोदरी या श्लोकात कुणी ‘पञ्चकन्याः स्मरेन्नित्यं’ म्हणतं, कुणी ‘पञ्चकं ना स्मरेन्नित्यं’ (‘ना’ म्हणजे माणसाने, या पाचजणींना) : तिथे अक्षरंच हललीत. आणि पहिला पाठ घेतला तर पाचही लग्नाच्या बायका ‘कन्या’!

मराठी ‘कुमारी’ तरी कुठे काटेकोर आहे? दाखल्यावरचं ‘कु.’ फक्त लग्न झालेलं नाही एवढंच सांगतं. मी भाषांतर करत असतो तर यशयात ‘तरुणी’ लिहिलं असतं आणि मत्तयात ‘कुमारी’च ठेवलं असतं, त्याच्यापुढे ग्रीक होतं.