उंदरात यकृत प्रत्यारोपण करताना सगळ्या रक्तवाहिन्या टाक्यांनी का जोडत नाहीत? 'कफ' कशासाठी?

वेळेसाठी. जुनं यकृत काढल्यापासून नव्यात रक्त सुरू होईपर्यंत पोर्टल शीर (आतड्यातलं रक्त यकृतात नेणारी) बंद असते, आतड्यातलं रक्त तुंबतं आणि रक्तदाब कोसळतो. हा काळ साधारण २५ मिनिटांच्या पुढे गेला की उंदीर सहसा वाचत नाही. १९७३ मध्ये ली आणि सहकाऱ्यांनी टाके घालूनच हे करून दाखवलं होतं, पण त्याला फार तयार हात लागतो. १९७९ मध्ये कामादा आणि कॅल्न यांनी पोर्टल शिरेसाठी कफ आणला आणि मिनिटं वाचली.

कफ म्हणजे प्लास्टिकच्या नळीचा छोटा तुकडा. दात्याची शीर त्यातून ओवायची, तिची कड बाहेरून उलटी दुमडायची (बाही दुमडतो तशी) आणि दोऱ्याने बांधायची. मग हे टोक ग्राहकाच्या शिरेत सरकवून वरून एक गाठ. शिरेचं आतलं अस्तर बाहेर आल्यामुळे रक्ताला प्लास्टिक लागतच नाही, म्हणून गुठळीचा धोका कमी. मला यातली सर्वात सुंदर गोष्ट हीच वाटते.

यकृताखालच्या महाशिरेलाही (हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर) बहुतेक जण कफच लावतात. वरची महाशीर मात्र टाक्यांनीच जोडतात, कारण तिथे जागा अगदी तोकडी. पित्तनलिकेत बारीक नळी घालतात. यकृत धमनी पुष्कळदा जोडतच नाहीत, तरी प्राणी जगतो. पण पित्तनलिकेला रक्त धमनीतूनच मिळतं, त्यामुळे दीर्घकाळाच्या प्रयोगात धमनी जरूर जोडा.