एअर फ्रायरमध्ये घरच्या घरी सोपे डोनट करता येतात का? माझे दरवेळी वरून कडक होतात आणि खाताना पावासारखे लागतात. अंडं न घालता जमेल अशी पद्धत सांगाल का?

जमतात, आणि मस्त जमतात, आमच्याकडे मुलांसाठी मी असेच करते. अंडं अजिबात लागत नाही. पण कृतीच्या आधी तुमचे डोनट कडक का होतात ते सांगते, कारण ते कळलं नाही तर दहा वेगवेगळ्या रेसिपी करून बघितल्या तरी तेच होणार.

तळताना डोनट १८० डिग्रीच्या आसपासच्या तेलात तरंगत असतो, तेल चटकन उष्णता देतं, दोन-तीन मिनिटांत काम होतं आणि वरच्या पापुद्र्यात थोडं तेल मुरतं म्हणून तो मऊ लागतो. एअर फ्रायर म्हणजे खरं तर जोरदार पंखा लावलेला छोटा ओव्हन. त्यात गरम हवा सतत फिरते आणि पिठाच्या वरच्या थरातलं पाणी ओढून घेते. म्हणजे डोनट जितका जास्त वेळ आत तितका तो कोरडा. आणि बरेच जण इथेच फसतात, करपायला नको म्हणून १५० वर ठेवून दहा-बारा मिनिटं भाजतात, मग रंग येत नाही म्हणून अजून दोन मिनिटं, आणि बाहेर येतो तो वातड पाव. उलट करायचं. आच चांगली ठेवायची आणि वेळ कमी. पीठ सैल आणि लोण्याचं हवं, आणि बाहेर काढल्या काढल्या बटर लावायचं. या तीन गोष्टी सांभाळल्या की बाकी थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं.

साहित्य असं घ्या: मैदा २५० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट १ छोटा चमचा, साखर ३ मोठे चमचे, मिल्क पावडर २ मोठे चमचे, मीठ अर्धा छोटा चमचा (बटर खारं असेल तर पाव), घट्ट दही १ मोठा चमचा, कोमट दूध साधारण १६० मिली, मऊ बटर ४० ग्रॅम आणि किसलेलं जायफळ चिमूटभर. जायफळ वगळू नका, डोनटच्या दुकानात जो ओळखीचा वास येतो त्यात पुष्कळदा जायफळाचा हात असतो, आणि आपल्याकडे तर ते डब्यात असतंच. मिल्क पावडरने मऊपणा येतो शिवाय कमी वेळात रंग चढतो, एअर फ्रायरमध्ये हे फार उपयोगी पडतं.

दूध कोमट म्हणजे बोट बुडवलं तर जेमतेम ऊब जाणवेल इतकंच, कडकडीत दुधात यीस्ट मरतं आणि मग तासन् तास वाट बघितली तरी पीठ जागचं हलत नाही. यीस्ट जुनं असेल तर आधी थोड्या दुधात चिमूटभर साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा, फेस आला तरच पुढे जा. बटर सोडून बाकी सगळं परातीत एकत्र करा, दोन चमचे दूध हातचं राखून ठेवा कारण प्रत्येक मैदा सारखं पाणी पीत नाही. गोळा जमला की पाच-सात मिनिटं मळा आणि मग थोडंथोडं बटर घालत अजून तितकंच मळा. बटर घातल्यावर एक वेळ अशी येते की सगळं विस्कटल्यासारखं आणि चिकचिकीत दिसतं, इथे घाबरून मैदा भुरभुरवायचा नाही, मळत राहा, पीठ स्वतःहून बटर पिऊन परत एकजीव होतं. शेवटी ते पुरणपोळीच्या कणकेइतकं सैल आणि तुकतुकीत दिसायला हवं. छोटा तुकडा दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच ताणून उजेडात धरा, न फाटता इतका पातळ झाला की पलीकडची बोटं धूसर दिसतात, तर मळणं पुरे.

झाकून ठेवा, दुप्पट होईपर्यंत. मुंबईत मे महिन्यात हे पाऊण तासात होतं, पुण्यात डिसेंबरात दीड तास लागू शकतो, त्यामुळे घड्याळाकडे बघू नका, पिठाकडे बघा. थंडीत मी भांडं बंद असलेल्या एअर फ्रायरमध्येच ठेवते, आधी एखादंच मिनिट चालू करून बंद केलेल्या, जेमतेम कोमट, गरम नाही.

फुगलं की हलकेच हवा काढून अर्धा इंच जाड लाटा. जाडी महत्त्वाची आहे हं, पातळ लाटलं तर बिस्किट होतं. कटर नसेल तर आमटीची वाटी आणि मधल्या भोकाला कोल्ड्रिंकच्या बाटलीचं झाकण. भोक जरा मोठंच ठेवा कारण फुगल्यावर ते बुजत येतं. आता प्रत्येक डोनट बटर पेपरच्या वेगळ्या चौकोनी तुकड्यावर ठेवा, हे नक्की करा, कारण दुसऱ्यांदा फुगलेला डोनट हाताने उचलला की त्यातली हवा जाते आणि तो बसतो, कागदासकट उचलला तर काही होत नाही. अर्धा तास तरी झाकून ठेवा. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश भरून यायला हवा, लगेच उसळून आला तर अजून थांबा. गरमीत पुढच्या घाण्याचे डोनट फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर पहिला घाणा होईपर्यंत ते जास्त फुगून चपटे होतात.

एअर फ्रायर १८० वर तीन मिनिटं रिकामाच तापवून घ्या. नुसता कागद आत ठेवून तापवू नका, वजन नसलेला कागद पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या कॉइलला चिकटतो आणि पेटू शकतो. डोनटवर ब्रशने वितळलेलं बटर लावा, बास्केटमध्ये एकमेकांना न चिकटतील असे तीन-चारच ठेवा, १८० वर पाच मिनिटं. प्रत्येक मशीनची आच वेगळी, म्हणून पहिल्या घाण्याला चौथ्या मिनिटाला उघडून बघा. फिकट सोनेरी झाले की काढा, तळलेल्यासारखा गडद रंग यायची वाट बघायची नाही. भोकाचे छोटे गोळे तीन मिनिटांत होतात आणि तेच आधी संपतात.

बाहेर काढताच दोन्ही बाजूंनी बटर, आणि लगेच दालचिनी घातलेल्या साखरेत घोळवा. तळलेल्या डोनटला तेलामुळे साखर आपोआप चिकटते, इथे बटर नसेल तर सगळी साखर ताटलीतच राहते. ग्लेझ हवं असेल तर एक कप पिठीसाखरेत दोन मोठे चमचे दूध थोडंथोडं घालून कालवा, डोनट कोमट झाले की वरची बाजू बुडवून काढा. चॉकलेटसाठी जितकं चॉकलेट तितकंच गरम क्रीम घालून ढवळा, झालं.

यीस्टला वेळच नसेल तर एक झटपट प्रकार आहे: १ कप मैदा, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, दोन मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि मावेल तसा अर्ध्या कपाच्या आसपास चक्का किंवा पाणी काढलेलं घट्ट दही. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं, कडी वळायची आणि १७५ वर आठ-नऊ मिनिटं. हे गरमगरम छान लागतात, पण संध्याकाळपर्यंत घट्ट होतात, त्यामुळे पाहुणे यायच्या आधी करून ठेवायला मी हे सांगणार नाही, त्यासाठी यीस्टवालेच. आणि पातळ बॅटरची रेसिपी दिसली तर ती सिलिकॉनचा साचा असेल तरच करा, नाहीतर सगळं जाळीतून खाली गळतं.

उरले तर ग्लेझ न लावलेले डबाबंद करून फ्रीजरमध्ये टाका, खायच्या वेळी काढून बाहेर जरा नरम होऊ द्या, मग १५० वर दोन-तीन मिनिटं गरम करून तेव्हाच साखर लावा. अगदी ताज्यासारखे लागतात. तुमचा एअर फ्रायर किती लिटरचा आहे आणि आत्तापर्यंत कुठल्या आचेवर किती वेळ ठेवत होतात ते लिहिलंत तर वेळ नक्की किती कमी करायचा ते सांगते.